खबऱ्याचा दगड

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी साताऱ्याला जाऊन मी एकटीच परत येत होते. कराडला गाडी बदलली. सांगलीकडे जाणाऱ्या लाल गाडीत खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला तेव्हा मी सासरच्या गावाचं नाव सांगितलं. त्यानं मशिनवरचं बोट थांबवून विचारलं, “गावात, का खबऱ्याच्या दगडाला?”

मला कळेना. म्हटलं, “गावाच्या अलीकडं, हमरस्त्यालाच घर आहे. समोर मोठी चिंच आहे.”

“मग खबऱ्याचा दगड म्हणा की,” असं म्हणत त्यानं तिकीट काढून हातात दिलं.

शेजारी बसलेल्या बाईनं माझा हिरवा चुडा बघितला. “कुणाच्यात दिलीया?” मी आडनाव सांगितलं. तिनं पदर सावरला आणि थोडी सरकून बसली. मग मान मागं वळवून मागच्या सीटवरच्या बाईला म्हणाली, “सुभेदाराची सून.”

“शिकलेली दिसती,” मागची म्हणाली. “आईबापानं चौकशी केली न्हाई व्हय?”

दोघीही हळू बोलत नव्हत्या. गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले.

उतरले तेव्हा गाडीनं मला चिंचेखालीच सोडलं, आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. चिंचेच्या बुंध्याला लागून सिमेंटचा चौथरा आणि त्यात बसवलेला संगमरवरी दगड होता. लग्नात मी इथून चार वेळा गेले-आले होते, पण तो दगड मला दिसला नव्हता. दिसणार कसा? लग्नाच्या दोन्ही दिवशी, आणि पुढं मी माहेरी निघेपर्यंत, उसाची रिकामी ट्रॉली त्याच्यासमोर आडवी लावून ठेवली होती. आमच्या साताऱ्याच्या पाहुण्यांनी जागा नाही म्हणून गाड्या लांब लावल्या, तेव्हा माझ्या वडिलांनी ती ट्रॉली हलवायला सांगितली होती. ड्रायव्हर चावी घेऊन जेवायला गेलाय, असं उत्तर आलं होतं.

दगडावर लिहिलं होतं की, या चिंचेखाली देशाशी फितुरी करणाऱ्यास भूमिगत वीरांनी शासन केले. नाव नव्हतं. अक्षरांतला काळा रंग ताजा होता, म्हणजे कुणीतरी दरवर्षी भरत असणार.

घरी गेले. सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. मी काही विचारायच्या आधीच आत्यांनी माझा चेहरा वाचला.

“गाडीत कळलं न्हवं?”

मी मान हलवली.

“बरं झालं. मला तर हळदीच्या अंगानंच सांगितलं हुतं, जावंनं. म्हणली, तुझा सासरा खबऱ्या हुता, पाय फोडल्यात त्याचं गावानं. तवा दगड न्हवता. दगड मागनं आला, तुझं मामा पेन्शनीत येऊन इथं घर बांधल्यावर. गावानं वाट बघितली बघ, ह्यो घर कुठं बांधतोय त्याची.” सुपातला एक खडा त्यांनी अंगणात फेकला. “आता बॅग आत ठेव आन् पानी पी.”

नवरा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होता. तो पाळी संपवून आला तेव्हा मी विचारलं की, लग्नाआधी सांगितलं का नाही. तो हात धूत होता. ग्रीस जाईना म्हणून त्यानं पुन्हा साबण लावला आणि म्हणाला, “सांगितलं असतं तर आली असतीस?”

मी आले नसते, आणि ते त्याला माहीत होतं.

मामा या सगळ्यात एक शब्दही बोलले नाहीत. ते सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. गाव त्यांना तोंडावर सुभेदार म्हणायचं आणि पाठीमागं खबऱ्याचा. पहाटे उठून दाढी, मग अंघोळ, मग इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत. त्यांची खुर्ची बरोबर दगडाच्या समोर यायची. पाऊस असो, ऊन असो, ते तिथंच बसून पेपर वाचायचे. मी एकदा खुर्ची सावलीला म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर त्यांनी ती उचलून परत जागेवर आणली आणि मला म्हणाले, “पोरी, ती तितंच असू दे.”

स्वातंत्र्यदिनाच्या आधी एक दिवस शाळेची पोरं रांगेनं दगडापाशी यायची. मास्तर गोष्ट सांगायचे. कसा फितुरानं भूमिगतांचा ठावठिकाणा पोलिसांना सांगितला, कसं गावानं त्याला चिंचेखाली आडवा पाडला आणि तळव्यांवर काठ्या मोजून मारल्या. गोष्ट संपली की पोरांच्या माना एकदम आमच्या घराकडं वळायच्या. कुणी त्यांना वळा म्हणत नव्हतं. आत्या सकाळीच दार लावून घ्यायच्या. मामा मात्र ओट्यावर बसून राहायचे. पोरं बघायची, मामा पोरांकडं बघायचे, आणि मास्तर जाताना त्यांना नमस्कार करायचे. मामा उलट नमस्कार करायचे.

माझी मुलगी दुसरीत गेली त्या वर्षी तीही त्या रांगेत आली. निळा-पांढरा गणवेश, दोन वेण्या. ती रस्त्याच्या पलीकडं उभी होती आणि मी दाराच्या फटीतून तिला बघत होते. गोष्ट संपली. सगळ्या माना वळल्या, तिचीही वळली. तिला ओट्यावर आजोबा दिसले आणि तिनं हात हलवला. पोरं हसली. पोरं का हसली हे तिला कळलं नाही, म्हणून तीही हसली.

ते तिला पुढच्या काही दिवसांत कळलं. शाळेत मधल्या सुट्टीत एक खेळ सुरू झाला. एकानं खबऱ्या व्हायचं, पालथं पडायचं, बाकीच्यांनी पट्टीनं तळव्यावर मारायचं. राज्य प्रत्येक वेळी माझ्या मुलीवरच यायचं. ती घरी आली तेव्हा चप्पल हातात धरून आली. तळवे लाल झाले होते, एका टाचेवर पट्टीच्या कडेची रेघ उठली होती. मी तिला घेऊन तशीच शाळेत गेले.

मास्तर वहीवर सही करत होते. म्हणाले, “मुलं खेळतात हो. मी ओरडतो त्यांना. पण मुळात इतिहास आहे तो. तो काय आपण बदलणार?”

“माझ्या मुलीचा पाय बघा.”

त्यांनी बघितला. “तेल लावा,” म्हणाले.

घरी आल्यावर मी मुलीला आत झोपवलं आणि ओट्यावर मामांसमोर जाऊन उभी राहिले. घरात येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण त्यांना कधी थेट विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, “मामा, हे खरं आहे का?”

त्यांनी पेपरची घडी घातली. “बस,” म्हणाले. मी पायरीवर बसले.

“खरं हाय,” ते म्हणाले. “लोकं सांगत्यात त्याच्यात खोटं काय न्हाई. माझा बा आन् वरच्या आळीचा एक गडी, दोघांच्यात बांधावरनं लागलं हुतं. हातभर बांध. तो गडी भूमिगतांना भाकरी पोचवायचा, आन् ते उसात लपलं की राखण करायचा. गावाला ठावं हुतं, बाला बी ठावं हुतं. बांध फोडला म्हणून बा फौजदाराकडं गेला आन् त्याचं नाव सांगितलं. देश-बिश त्याच्या डोक्यात न्हवता. बांध हुता.”

“मग?”

“मग काय? त्याला उसातनं वढून न्हेला. तुरुंगातनं आला तवा रगत थुकत हुता. पावसाळा काढला न्हाई. आन् त्याच्या आदी माझ्या बाला हितं चिंचंखाली घेतला.” मामांनी हातानं जागा दाखवली, जसं कुणी रस्ता विचारल्यावर दाखवतं तसं. “मी चार वर्साचा असंन. एकानं मला खांद्यावर घेतला हुता, नीट दिसावं म्हणून. त्यो माणूस लय चांगला हुता. पुढं मला पेरू द्यायचा.”

मी पायरीवरून चिंचेकडं बघितलं.

“तवा त्या गड्याची पोरगी बी हुती तितं. माझ्यापरास दोन-तीन वर्सांनी मोठी. अजून हाय ती, वरच्या आळीला. तिच्या हातात बी काठी दिली, म्हणले, मार, तुझ्या बाला धरून दिलाय ह्येनं. तिनं मारली.” मामांनी पेपरची घडी मांडीवर सारखी केली. “त्याच्या म्होरं बा कवा उभा राहिला न्हाई. गुडघ्यावं चालायचा. आईला आडावं पानी भरू देत न्हवते, ती नदीला जायची. आन् बा तिला मारायचा. गुडघ्यावं बसून मारायचा, आन् ती वाकायची, त्याचा हात पोचावा म्हणून.”

हे सांगून त्यांनी पेपर परत उघडला. मी आत जाऊन मुलीच्या पायाला तेल लावलं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिला कराडच्या शाळेत घातलं, रोज व्हॅननं जायला. व्हॅनवाला थांब्याला काय म्हणतो, हे मी विचारलं नाही.

मग रस्ता रुंद करायचं काम आलं. माणसं टेप घेऊन मापं काढायला आली, चिंचेच्या बुंध्यावर लाल खूण मारून गेली. आत्यांनी त्या दिवशी गोड केलं. मी विचारलं, आज काय आहे, तर म्हणाल्या, “काय न्हाई, करावं वाटलं.” चिंच करवतीनं पाडली तेव्हा गावातली बरीच जुनी माणसं बघायला आली होती. त्यांना झाडाचं वाईट वाटत होतं. त्यानंतर जेसीबीनं चौथऱ्यासकट दगड उचलला आणि लांब नेऊन सोसायटीच्या गोदामामागं पालथा टाकला. आत्या ओट्यावर उभ्या राहून ते बघत होत्या. “गेली पीडा,” म्हणाल्या, आणि मामांकडं बघून म्हणाल्या, “आता तरी खुर्ची हलवा तुमची.” मामांनी हलवली नाही.

तरी ते वर्ष बरं गेलं. समोर नुसता रस्ता होता. कंडक्टर अजून खबऱ्याचा दगडच म्हणायचे, पण नव्यानं येणाऱ्या माणसाला दगड कुठं दिसायचा नाही. पाहुणे आले तर ट्रॉली आणून लावावी लागायची नाही.

रस्ता पुरा झाला आणि दुभाजकात झाडं लावली गेली. तेव्हा गावोगावी रस्त्याकडेला इतिहासाचे फलक लावायचं ठरलं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर छोटी कमान, रात्री उजेड पडावा म्हणून दिवा. आमच्या गावची समिती झाली. समितीचा प्रमुख म्हणजे ज्यानं चिंचेखाली काठ्या मोजल्या होत्या त्याचा नातू. माझ्या नवऱ्याच्या वर्गात होता. एका रविवारी तो दोघांना घेऊन आमच्याकडं आला. चपला काढून, मामांच्या पाया पडून समोर बसला.

“सुभेदार, दोन कामं हायती. एक तर गावच्या वेशीवर माजी सैनिकांचा फलक लावतोय. त्याच्यात तुमचं नाव पयलं. तुमीच सगळ्यांत जुनं.”

“बरं,” मामा म्हणाले.

“दुसरं, आपल्या हितला दगड. तो आता नवा करायचा. मजकूर सविस्तर दिलाय. नाव टाकायचं ठरलंय.”

आत आत्यांच्या हातातलं भांडं पडलं.

“कुणाचं नाव?” नवऱ्यानं विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

“आता इतिहास म्हणल्यावर नाव पायजेच की रं. वरनं सांगितलंय, मोघम लिहू नका.” मग तो मामांकडं वळला. “आमी तुमचा इचार केलाय सुभेदार. सैनिकांच्या फलकावं तुमचं मधलं नाव गाळूया का? नाव आन् आडनाव नुसतं. म्हंजी बघणाऱ्याला हितलं आन् तितलं जुळायचं न्हाई.”

“फौजेत रोज हजेरीला मधल्या नावासकट आवाज दिलाय मी,” मामा म्हणाले. “आता ह्या वयात बाचं नाव गाळू व्हय? पुरं लिवा. हितं बी, तितं बी.”

“मग तर प्रश्नच मिटला.” प्रमुखानं हात जोडले. “आन् अनावरण तुमच्या हातनंच करायचं. गावात तुमच्याएवढा मानाचा माणूस न्हाई.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यावर चेष्टा नव्हती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. त्याला खरंच वाटत होतं की तो मामांना मान देतोय. बाकीचे दोघं मात्र खाली बघून ओठ दाबत होते.

“येतो,” मामा म्हणाले.

ते गेल्यावर आत्या बाहेर आल्या. मामांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, “तुमच्या बानं गाव इकलं, तुमी आमाला इकताय.” मामांनी पेपर उचलला. “आवं, बोला की. का तुमालाबी काठीच लागती बोलायला?” इतकं बोलून झाल्यावर त्या स्वतःच भिंतीला टेकून खाली बसल्या. नवरा म्हणाला, आपण कराडला खोली घेऊ. पण कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुणाला न सांगता वरच्या आळीला गेले. त्या तुरुंगात गेलेल्या माणसाची मुलगी अजून होती, हे मला मामांच्या बोलण्यातून कळलं होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस आणि बांधलेली एक शेळी. म्हातारी पाठीत वाकली होती, पण नजर नीट होती. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. फलकावर नाव येतंय. माझी मुलगी शाळेत जाते. तुम्ही समितीला शब्द टाकला तर ते ऐकतील. तुमच्या वडिलांचं नुकसान झालं, म्हणून तुमचाच शब्द चालेल.

तिनं शेळीपुढं पाला टाकला. “त्या जुन्या दगडावं माझ्या बाचं नाव हुतं व्हय?” तिनं विचारलं.

“नव्हतं.”

“नव्यावं हाय?”

मला माहीत नव्हतं.

“न्हाई. मी इचारून आले. म्हणले, आज्जी, मजकूर मोठा हुतोय.” ती हसली. तिला पुढचे दात नव्हते. “माझा बा कुणाला मारून मेला न्हाई, नुसता खोकून मेला. त्याचं काय सांगणार पोरास्नी? तुझ्या आजसासऱ्याचं पाय फोडलं ते सांगाय बरं पडतंय. फोडणाऱ्यांची नावं हायती सगळी. फुटलेल्याचं आता येतंय. माझ्याच बाचं न्हाई.”

“तुमच्याही हातात काठी दिली होती म्हणे,” मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

“दिली हुती. हाणली मी. लहान हुते, जोर न्हवता. आज असता तर बरा हाणला असता.” तिनं पाल्याचा भारा बाजूला सारला. “जा आता. तुझी पोरगी रडतीया म्हणून मी कुठं शब्द टाकू? मी रडले तवा कुणी टाकला?”

मी खाली आले. घरी मामांना सगळं सांगितलं, तिच्या वडिलांचं नाव फलकावर नाही हेही. मामा ऐकत होते. त्यांनी फक्त एकदा विचारलं, “नक्की न्हाई?” मी म्हटलं, “नक्की नाही.”

अनावरणाच्या दिवशी सकाळी मामांनी पेटी उघडून पदकं काढली. मी घरात आल्यापासून ती कधी बाहेर आली नव्हती. ब्रासोनं पुसून शर्टावर लावली. आत्या म्हणाल्या, “कुणाला दावायची?” आणि मग स्वतःच पुढं होऊन एक वाकडं झालेलं पदक सरळ केलं.

रस्त्याकडेला मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना बसवलं होतं. वरच्या आळीची म्हातारीही होती, काठी गुडघ्यांमध्ये धरून. शाळेची पोरं एका बाजूला. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि सगळे मामांच्या दिशेनं धरलेले. माझा नवरा मांडवाच्या मागं खांबाला धरून उभा होता. आत्या आल्या नाहीत.

मामांनी दोरी ओढली. पडदा पडला. त्यांनी फलकाला सलाम ठोकला तेव्हा मागून कुणीतरी हसलं. प्रमुखानं ध्वनिक्षेपक पुढं केला, “सुभेदार, दोन शब्द.” मामांनी दोन शब्दांऐवजी फलक वाचायला घेतला. वरपासून, संचलनाच्या आवाजात. गावचा फितूर, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या वडिलांचं पूर्ण नाव वाचलं. यास येथे शासन केले. शासन करणाऱ्या वीरांची नावं वाचली, एकही न अडखळता. देशद्रोहास क्षमा नाही हे गावाने दाखवून दिले. शेवटपर्यंत वाचलं.

मग ते म्हणाले, “ह्याच्यात एक नाव राहिलंया. ज्याला धरून दिला, त्याचं.” आणि त्यांनी वरच्या आळीच्या त्या माणसाचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. “त्यो आमच्यामुळं गेला. त्याचं नाव ह्येच्यावं पायजे. माझी गावाला इनंती हाय.”

मला वाटलं, आता कुणीतरी टाळी वाजवेल. म्हातारी उठली. काठीवर भार देऊन उभी राहायला तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

“गप,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण मामांच्या हातातल्या ध्वनिक्षेपकात तो शिरला आणि रस्त्यापर्यंत गेला. “तुझ्या तोंडानं माझ्या बाचं नाव घेऊ नगंस. तुझ्या बानं बी असंच सरळ उभं राहून घेतलं हुतं, फौजदाराम्होरं.”

मामांनी ध्वनिक्षेपक खाली केला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी मान एकदा खाली केली, म्हणजे ऐकलं, कळलं, अशी. पोरांच्या रांगेतून खसखस सुरू झाली आणि मग मांडवभर पसरली. प्रमुखानं ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि हसत म्हणाला, “चला, जुनी माणसं आहेत, चालायचंच. जिलेबी खाऊन जावा सगळ्यांनी.” मामांच्याही हातात कुणीतरी जिलेबीचा द्रोण दिला. ते तो घेऊन रस्ता ओलांडून घरी आले. आत्यांनी तो द्रोण घेऊन म्हशीपुढं टाकला.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण मोबाइलवर सगळीकडं फिरलं. साताऱ्याहून माझ्या भावानं नीट न बघताच मला पाठवलं, तेव्हा त्याला माहीतही नव्हतं की हे आमच्या घरचं आहे. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, फितुराच्या पोराला म्हातारीनं झापलं, आणि हसणारी तोंडं टाकली होती. मामांनी नवऱ्याला फोन मागितला. त्यानं नाही म्हटलं. मामांनी हात पुढं धरूनच ठेवला. शेवटी त्यानं दिला. मामांनी ते दोनदा बघितलं आणि म्हणाले, “तिचं बरोबर हाय.” फोन परत दिला आणि जेवायला बसले.

फलकावर ते नाव आलं नाही. मामांनी समितीला पुन्हा सांगितलं नाही. सांगायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटत असावं. ओट्यावरची खुर्ची तिथंच राहिली, तेही तिथंच बसत राहिले. नव्या फलकापाशी लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. कधी कधी कुणी परगावचं माणूस वाचून झाल्यावर इकडंतिकडं बघायचं, आणि मामांना हाक मारून विचारायचं, “बाबा, ह्या फितुराचं घर कुठं होतं हो?” मामा सांगायचे, “ह्येच.” ते लोक ओशाळून निघून जायचे. काहीजण घराचाही फोटो काढायचे.

त्यानंतरच्या थंडीत मामा गेले. सकाळी दाढी केली, टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडं निघाले आणि दारातच बसले. कराडला नेईपर्यंत संपलं होतं. माजी सैनिक आले, तिरंगा आणला, सगळं रीतीनं झालं. समितीचा प्रमुख स्मशानात बोलला. चांगलं बोलला. शिस्त, देशसेवा, गावाचा मान. नवऱ्यानं त्याचे आभार मानले, कारण मानायचे असतात.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी दुपारी वरच्या आळीची म्हातारी आमच्या दारात आली. कुणाला घेऊन आली नव्हती. चढ उतरून, चौपदरी रस्ता ओलांडून एकटी आली होती. आत्या अंगणात बसल्या होत्या. म्हातारी त्यांच्यासमोर जमिनीवरच टेकली. मी चहा ठेवायला आत गेले, पण दारातून कान बाहेरच होते.

“मी त्या दिवशी बोलले, ते माघारी घ्यायला आले न्हाई,” म्हातारी म्हणाली.

“मी बी मागत न्हाई,” आत्या म्हणाल्या.

रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यांवर गाणी लावलेली होती.

“त्याचा बा रांगत गेला,” म्हातारी म्हणाली. “ह्यो कसा गेला? पायानं चालत हुता का शेवटाला?”

“चालत हुता. न्हाणीला बी आपल्या पायानं निघाला हुता.”

“बरं,” म्हातारी म्हणाली.

मी चहा घेऊन आले. तिनं कपाकडं बघितलं आणि मान हलवली. आमच्या घरचं ती कधी प्यायली नव्हती आणि आताही प्यायची नव्हती. काठी टेकून उठली. रस्त्यावर गाड्या जोरात होत्या, म्हणून मी तिच्यामागं गेले आणि हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. “मला दिसतंय,” म्हणाली. एक डंपर जाऊ दिला, दुभाजकापर्यंत गेली, तिथं झाडांच्या रांगेत थोडी थांबली आणि मग पलीकडं जाऊन फलकाच्या बाजूनं, त्याच्याकडं न बघता, चढाला लागली.

मी अंगणात आले तेव्हा आत्यांनी तिच्यासाठी केलेला चहा स्वतः पिऊन टाकला होता आणि त्या कप विसळत होत्या.